पैनगंगेच्या अलीकडे : नांदेड-लातूर परिसर आणि ब्रिटिश अधिसत्तेचा परोक्ष इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासाची मांडणी करताना एक विधान जवळजवळ गृहीत धरले जाते. उर्वरित महाराष्ट्र इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, हे ते विधान होय. शालेय पाठ्यपुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत ते सर्वत्र आढळते. राजकीय नकाशाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. १९४७ पूर्वीच्या नकाशात ब्रिटिश हिंदुस्थान तांबड्या रंगात आणि संस्थाने पिवळ्या रंगात दाखविली जात, आणि नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे जिल्हे त्या पिवळ्या रंगातच येत. परंतु नकाशाचा रंग हाच इतिहासाचा निर्णय मानल्यामुळे या प्रदेशातील दीडशे वर्षांच्या कालखंडाचे विश्लेषण अपुरे राहिले आहे. साम्राज्यवाद, वसाहतवाद, रेल्वेचे राजकारण, कापसाचा व्यापार, जनगणना, छावण्या हे सारे विषय 'ब्रिटिश भारताचे' म्हणून शिकविले जातात, आणि मराठवाड्याच्या वाट्याला सरंजामशाही, जहागीरदारी व रझाकार एवढेच विषय उरतात. परिणामी मराठवाड्याच्या मागासलेपणाची सर्व जबाबदारी आसफजाही घराण्यावर टाकून इतिहासकार मोकळा होतो.

आसफजाही राजवटीला दोषमुक्त करण्याचा येथे हेतू नाही. ती राजवट जुलमी होती याचे पुरावे गावोगावी आहेत. प्रश्न वेगळा आहे. ती राजवट १७९८ पासून १९४७ पर्यंत ज्या सत्तेच्या आधाराने टिकली, त्या सत्तेचा नांदेड-लातूर परिसराशी प्रत्यक्ष संबंध कोणता होता, हा तो प्रश्न होय.

तैनाती फौज, कर्ज आणि प्रदेश

१७६० साली उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि १७९५ साली खर्डा येथे मराठ्यांनी निजामाला पुन्हा एकदा नमविले. या दोन लढायांच्या दरम्यानच्या पस्तीस वर्षांत दख्खनच्या सत्तास्पर्धेत निजाम हा मुख्यतः बचावाच्या भूमिकेत होता. खर्ड्याच्या पराभवानंतर तीनच वर्षांनी, १७९८ मध्ये, निजाम अलीखानाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फौजेतील फ्रेंच अधिकाऱ्यांना निरोप देण्यात आला. १८०० च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा आदी प्रदेश कंपनीला कायमचे तोडून देण्यात आले व परराष्ट्रसंबंध कंपनीच्या संमतीवाचून ठेवण्याचा अधिकार संपुष्टात आला. १८०३ साली भोकरदनजवळ असई येथे वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला, तो मराठवाड्याच्याच भूमीवर. पुढील काळात निजाम हे इंग्रजांचे 'विश्वासू मित्र' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९१८ मध्ये हा शब्दप्रयोग सातव्या निजामाच्या अधिकृत बिरुदावलीत समाविष्ट झाला.

मैत्रीची ही किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी कंटिन्जंट फौजेचा इतिहास उपयुक्त ठरतो. तहान्वये ठेवावयाच्या तैनाती फौजेहून ही निराळी होती. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात तिची बांधणी झाली, म्हणून आरंभी ती 'रसेल ब्रिगेड' या नावाने ओळखली जाई. नाव निजामाचे, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी इंग्रज आणि आज्ञा रेसिडेंटची, अशी तिची रचना होती. गरीब बिचारा निजामच सगळ्याचे पैसे भरतो, अशी थट्टा त्या फौजेच्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्येच रूढ होती. वस्तुतः भरणारा निजाम नव्हता. भरणारा कुणबी होता, आणि तो कंधार, हदगाव, औसा, उदगीर अशा तालुक्यांत शेत कसत होता.

या फौजेची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी होती. जालन्यालाही मोठी छावणी होती. म्हणजे नांदेड-लातूरच्या कोणत्याही गावापासून दोन-तीन मजलांच्या आत इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमतीतील फौज उभी होती. तिचा एक मोठा वापरही याच परिसरात झाला. हटकर नायकांपैकी नौसाजी नाईक यांनी हदगाव परिसरातील नाव्हा येथील गढीच्या आश्रयाने सत्तेला आव्हान दिले होते. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या नेतृत्वाखाली या गढीला वेढा घालण्यात आला आणि महिनाअखेरीस ती घेण्यात आली. या लढाईचे नाव कंटिन्जंटच्या पलटणींना युद्धसन्मान म्हणून देण्यात आले. पेशवाईच्या अखेरच्या अध्यायात कोरेगाव, आष्टी, असीरगड यांची चर्चा होते. नाव्ह्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. नांदेडच्या इतिहासलेखनातही त्याला एखाद्या परिच्छेदापेक्षा अधिक जागा मिळालेली नाही, हे आश्चर्यकारक आहे.

खर्च भागेना तेव्हा कर्ज आले. विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने हैदराबाद सरकारला भरमसाट व्याजाने रकमा दिल्या. ही पेढी आणि कलकत्त्यातील वरिष्ठ वर्तुळ यांचे लागेबांधे उघडकीस आणण्याचे श्रेय रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याला द्यावे लागते. परंतु पेढीचे देणे फेडण्यासाठी निजामाला उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून मिळणारी वार्षिक पेशकश कायमची सोडून द्यावी लागली, म्हणजे कर्जाचा घोटाळा उघड करणाराच त्या कर्जाच्या आधारे लाभ मिळविणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी होता. मेटकाफने काही वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज अधिकारी नेमून महसुलाच्या ठरावांवर देखरेखही ठेवली. १८२९ मध्ये ते अधिकारी परत बोलावण्यात आले. त्यानंतर दिवाण चंदुलालच्या काळात तालुके इजाऱ्याने देण्याची पद्धत पुन्हा बोकाळली. इजारदार, अरब व रोहिले जमादार आणि सावकार यांच्या कचाट्यात रयत सापडली. चंदुलालची कारकीर्द रेसिडेंसीच्या पाठिंब्यावर उभी होती, ही गोष्ट मात्र जुलमाच्या वर्णनात सहसा गाळली जाते.

अखेरीस २१ मे १८५३ च्या तहाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेले. याचा अर्थ, आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश १८५३ ते १८६० अशी सात वर्षे प्रत्यक्ष इंग्रजी प्रशासनाखाली होता. नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे सोपविण्यात आला. ठगांच्या जीवनावर १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे टेलर इंग्लंडात ख्यातनाम झाला होता. विशेष म्हणजे तो कंपनीचा सनदी नोकर नव्हता. त्याची सारी हयात निजामाच्या कंटिन्जंटमध्ये गेली होती. १८५७ साली वऱ्हाडातील बुलढाण्याची जबाबदारी देऊन त्याला नळदुर्गहून हलविण्यात आले. निजामाचा पगारी अधिकारी इंग्रज सरकारचा जिल्हाधिकारी म्हणून काम करतो आणि त्याच पदावरून दुसऱ्या इंग्रजी जिल्ह्यात जातो, ही घटना दोन राज्ययंत्रणा एकमेकींत किती गुंतल्या होत्या हे दाखविते.

१८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर निजामाला परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. १८५७ च्या उठावात हैदराबादने दाखविलेल्या निष्ठेचे ते बक्षीस होते. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही.

१८५७ : निष्ठेची दुसरी बाजू

हैदराबाद दरबार इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला याचा अर्थ प्रदेश शांत होता असा नाही. जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथे कंटिन्जंटच्या घोडदळात बंडाळी झाली आणि ती तोफेच्या तोंडी देण्याच्या शिक्षांनी मोडून काढण्यात आली. नांदेडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे प्रकरण रंगराव पागे यांचे आहे. नारखेडचे हे वतनदार नानासाहेब पेशव्यांच्या भेटीस उत्तरेत गेले, तेथून पत्रे घेऊन परतले आणि देगलूरच्या सीमेला लागून असलेल्या कौलास येथील राजा दीपसिंह यांच्याशी त्यांनी संधान बांधले. कट उघडकीस आला. रंगरावांना जन्मठेप होऊन अंदमानात पाठविण्यात आले आणि १८६० मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. निजामाच्या प्रजाजनाने निजामाच्या मुलखात केलेल्या कटाची शिक्षा ब्रिटिश साम्राज्याच्या दंडवसाहतीत भोगावी लागली, यातच अधिसत्ता कोणाची होती याचे उत्तर मिळते.

पैनगंगेची सीमारेषा

वऱ्हाड गेल्यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. पैनगंगेच्या उत्तरेस उमरखेड, पुसद. दक्षिणेस हदगाव, हिमायतनगर, किनवट. दोन्ही तीरांवर तीच काळी माती, तेच कापूस व ज्वारीचे पीक, तीच मराठी भाषा, एकमेकांत गुंतलेली सोयरीक. माहूरगडाच्या यात्रेला दोन्हीकडचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या येत आलेले. या प्रदेशाला दोन भागांत विभागणारी नदी नैसर्गिक होती, पण सीमा नैसर्गिक नव्हती. ती एका फौजेच्या थकीत पगारातून निर्माण झाली होती.

या सीमेच्या दोन बाजूंना पुढील नव्वद वर्षांत जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाला जवळजवळ एखाद्या प्रयोगासारखे तपासता येते. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६० च्या दशकात वऱ्हाडातून गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाला जी अभूतपूर्व मागणी आली तिचा लाभ अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठांना मिळाला. वऱ्हाडात शाळा व न्यायालये यांची भाषा मराठी झाली, नगरपालिका आल्या, वृत्तपत्रे निघाली, विसाव्या शतकात निवडणुकीने आलेले प्रतिनिधी विधिमंडळात बसले. पैनगंगेच्या दक्षिणेस मात्र १८८० च्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मराठी, तेलुगू व कन्नड भाषिक बहुसंख्यांच्या दृष्टीने ती भाषा परकी नसली तरी आपलीही नव्हती. सभा भरविण्यास परवानगी लागे. नांदेडला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, म्हणजे वऱ्हाडानंतर तब्बल एका पिढीहून अधिक काळाने.

या तुलनेवरून 'इंग्रजी राज्य बरे होते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांनी काढलाही आहे. तो घाईचा आहे. वऱ्हाडचा शेतकरी मँचेस्टरच्या भावाशी बांधला गेला आणि सावकारी कर्जात बुडाला. वऱ्हाडच्या महसुलाची शिल्लक निजामाला मिळावी असे मूळ तहात होते, पण प्रशासनाचा खर्चच असा वाढत गेला की शिलकीवरून वाद होत राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायम पट्ट्याने घेतले आणि निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून दिले. सर सालारजंगांनी १८५३ ते १८८३ या आपल्या तीस वर्षांच्या दिवाणगिरीत वऱ्हाड परत मिळविण्यासाठी केलेले सर्व प्रयत्न व्यर्थ ठरले होते. सातव्या निजामाने हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने मार्च १९२६ मध्ये पाठविलेल्या पत्रात स्पष्ट बजावले, की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. १९३६ च्या करारात वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करून त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब देण्यात आला. किताब मिळाला, मुलूख मिळाला नाही.

तेव्हा तुलना करावयाची ती 'इंग्रज' आणि 'निजाम' या दोन स्वतंत्र राजवटींची नाही. एकाच साम्राज्याने एकाच मराठी प्रदेशाच्या दोन तुकड्यांसाठी वापरलेल्या दोन कार्यपद्धतींची ती तुलना आहे. एका तुकड्यात साम्राज्याने थेट कारभार केला आणि त्याची जबाबदारी त्याला घ्यावी लागली. दुसऱ्यात त्याने फौज, परराष्ट्रव्यवहार, वारसाहक्क, रेल्वे व दिवाणांच्या नेमणुका हाती ठेवल्या आणि जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर ठेवली. रयतेच्या दृष्टीने दुसरी पद्धत अधिक जाचक होती, कारण दाद मागण्याचे ठिकाणच उरत नव्हते. हैदराबादेत गाऱ्हाणे केले तर दरबार ऐकत नसे. रेसिडेंसीत केले तर तो संस्थानचा अंतर्गत प्रश्न ठरे.

रूळ, रुपया आणि करोडगिरी

लातूरच्या उदयाची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदविली गेली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर हलक्या रेल्वेची जी कल्पना विकसित केली तिचा हा नमुना होता. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात. लातूर निजामाच्या मुलखात. या चिमुकल्या गाडीने लातूरच्या आडतीचे तोंड हैदराबादकडून फिरवून बार्शीमार्गे मुंबईकडे केले. तेलबिया, डाळी आणि कापूस यांची लातूरची बाजारपेठ पुढे देशभर गाजली, तिच्या पायाभरणीत या रुळांचा वाटा मोठा आहे. येथे साम्राज्याचे भांडवल लाभदायक ठरले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र रूळ कोठून कोठे जावेत हे उदगीर-निलंग्याच्या गरजेवरून ठरत नव्हते. शेतमाल बंदराकडे नेणे आणि फौज छावण्यांकडे नेणे हे दोन हेतू दख्खनमधील बहुतेक लोहमार्गांच्या आखणीत दिसतात. सिकंदराबाद ते मनमाड हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा गेला. सिकंदराबाद ही हिंदुस्थानातील मोठ्या लष्करी छावण्यांपैकी एक होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गाचा अर्थ स्पष्ट होतो. संस्थानातील मुख्य लोहमार्गांच्या जमिनीवरील न्यायाधिकार ब्रिटिश सरकारकडे सोपविण्यात आलेला होता. नांदेडच्या स्थानकात उभा असलेला प्रवासी फलाटावर एका कायद्याखाली असे आणि फाटकाबाहेर दुसऱ्या. निजाम सरकारने मुख्य रेल्वे कंपनी १९३० मध्ये खरेदी केली, तोपर्यंत तिच्या भागधारकांना हमीचे व्याज हैदराबादच्या तिजोरीतून जात होते.

चलनाचीही तीच गत. संस्थानचा रुपया 'हाली सिक्का' आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 'कलदार'. सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा दर विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिर झाला. त्यापूर्वी तो बाजारभावाने वरखाली होई आणि प्रत्येक चढउतारात सराफाचे साधे. स्वतंत्र टांकसाळ हे हैदराबादच्या स्वायत्ततेचे सर्वांत ठळक लक्षण मानले जाते. परंतु लातूरचा व्यापारी बार्शीत माल विकून कलदार घेई, शेतकऱ्याला हालीत पैसे देई, आणि सरहद्दीवर करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका ओलांडताना दोन्ही बाजूंचा हिशेब सांभाळी. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात 'कलदार' हा शब्द खणखणीत, खात्रीच्या नाण्यासाठी वापरला जाई. भाषेने कोणत्या सत्तेवर विश्वास ठेवला होता, याची ती साक्ष आहे.

नांदेडला गावरानी कापसाची ख्याती होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, पुढे उस्मानशाही मिल उभी राहिली आणि शहराला कामगारवस्तीचे नवे रूप आले. गुरुगोविंदसिंहजींच्या वास्तव्यामुळे व १७०८ मधील त्यांच्या ज्योतिज्योत समावण्यामुळे पंजाबशी जोडलेले हे तीर्थक्षेत्र या काळात कापसाच्या धाग्याने मुंबई व लिव्हरपूलशीही जोडले गेले. या दुहेरी संबंधाचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

फौजेचेही असेच झाले. १९०३ मध्ये कंटिन्जंटचे स्वतंत्र अस्तित्व संपवून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिळविण्यात आल्या. तिच्या घोडदळापासून बनलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर हायवुड येथे भाले घेऊन चढाई केली. ज्या घोडदळाची परंपरा हिंगोली, अंबाजोगाई अशा ठाण्यांत घडली त्याला फ्रान्सच्या शेतात जर्मन मशिनगनसमोर उभे केले गेले, तेव्हा 'आम्ही इंग्रजी राज्यात नव्हतो' हे विधान किती पोकळ होते हे उमगते.

नमुना आणि त्याचा प्रसार

हैदराबादमध्ये घडलेले हे प्रयोग दख्खनपुरते मर्यादित राहिले नाहीत. १८७४ च्या पांकोर कराराने मलायातील पेराकच्या सुलतानाला ब्रिटिश रेसिडेंट स्वीकारावा लागला. मलय धर्म व रूढी वगळता सर्व बाबतींत त्याचा 'सल्ला' मागणे व पाळणे बंधनकारक झाले. पहिला रेसिडेंट बर्च याचा पुढच्याच वर्षी खून झाला, पण पद्धत टिकली. रेसिडेंट हे पदनाम व त्यामागील कल्पना हिंदुस्थानी संस्थानांतून तेथे गेली, हे उघड आहे. उत्तर नायजेरियात फ्रेडरिक लुगार्ड याने १९०० नंतर कानो, सोकोटो येथील अमीरांना गादीवर कायम ठेवून त्यांच्यामार्फत राज्य केले आणि १९२२ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीला तात्त्विक रूप दिले. लुगार्डचा जन्म मद्रासचा आणि त्याची उमेदवारी हिंदुस्थानातील लष्करी सेवेत झाली होती. आफ्रिकेच्या इतिहासकारांनी परोक्ष राज्यपद्धतीचे दुष्परिणाम तपशिलाने मांडले आहेत : जुने सरंजामी वर्ग कृत्रिमरीत्या टिकून राहणे, शिक्षणाचा प्रसार खुंटणे, उत्तर व दक्षिण नायजेरियासारखी एकाच देशात कायमची प्रादेशिक दरी पडणे. नांदेड आणि यवतमाळ यांच्या संदर्भात हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत. परंतु मराठवाड्यातील महाविद्यालयांत आधुनिक जगाचा इतिहास एका प्रश्नपत्रिकेत आणि मराठवाड्याचा इतिहास दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत असल्याने हे दोन विषय एकत्र येत नाहीत.

मुक्तिसंग्रामाचे एकाकीपण

परोक्ष सत्तेचा सर्वांत कठीण परिणाम राजकारणात जाणवला. ब्रिटिश हिंदुस्थानातील चळवळीसमोर शत्रू स्पष्ट होता. हैदराबादेत शत्रू दोन होते, त्यांतील एक अदृश्य होता. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानी प्रजेच्या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली, पण संस्थानांत काँग्रेसच्या नावाने लढा चालवू नये असे धोरण ठेवले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेच्या वेळीच बंदी आली आणि सत्याग्रह वर्षअखेरीस गांधीजींच्या सल्ल्याने स्थगित झाला. त्या आधी १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शाळांतून जे कार्यकर्ते घडविले त्यांना हे एकाकीपण पत्करूनच काम करावे लागले. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती १९४६ मध्ये.

१२ मे १९४६ च्या निवेदनाने ब्रिटिशांनी जाहीर केले, की सत्तांतरानंतर अधिसत्ता संपुष्टात येईल व ती नव्या सरकारकडे जाणार नाही. दीडशे वर्षे ज्या अधिसत्तेने निजामाला टिकविले आणि दाबून ठेवले, ती एका निवेदनाने नाहीशी होणार होती. जून १९४७ मध्ये निजामाने कोणत्याही राष्ट्रात सामील न होण्याचा निर्णय घोषित केला आणि ब्रिटिश राष्ट्रकुलात स्वतंत्र वसाहतीचा दर्जा मिळावा असा आग्रह धरला. ती मागणी लंडनने मान्य केली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने मिळालेल्या अवधीत रझाकारांनी ग्रामीण भागात धुमाकूळ घातला. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. या काळातील अत्याचारांचा दोष रझवी व निजाम यांच्यावर आहेच. पण सशस्त्र संघटना उभी राहू शकेल अशी राजकीय पोकळी कोणी निर्माण केली, हेही विचारले पाहिजे.

याच वेळी १८५३ च्या सीमारेषेने अनपेक्षित कार्य केले. उमरखेड, बार्शी, सोलापूर, चांदा येथे स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे उभी राहिली. पैनगंगा ओलांडली की भारताचे स्वातंत्र्य सुरू होत असे. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी झालेली कारवाई या सीमावर्ती शिबिरांच्या संघटित कार्याचाच भाग होती. ज्या रेषेने एका फौजेच्या कर्जापायी प्रदेश तोडला होता, तीच रेषा आता आसरा देणारी ठरली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने पाच दिवसांत संस्थान ताब्यात घेतले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ही कारवाई सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे सरकली. टेलर ज्या नळदुर्गहून कारभार पाहात होता त्याच वाटेने.

दप्तरांचा प्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला. नांदेडच्या पूर्वेकडील मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल हे भाग आंध्र प्रदेशात गेले. एका जिल्ह्याची दप्तरे अशा प्रकारे तीन राज्यांत विखुरली. मात्र विखुरण्यापेक्षा गंभीर प्रश्न वाचण्याचा आहे. निजामकालीन महसुली कागद उर्दूत, त्याहून जुने फार्सी व मोडीत, वर्षे फसली. फसली सनात ५९० मिळविल्याशिवाय इसवी सन निघत नाही. हे न समजल्याने स्थानिक लेखनात तारखांचे घोळ झालेले अनेकदा आढळतात. रेसिडेंसीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असून तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनमध्ये आहे, दिवाणी दप्तरे हैदराबादच्या तारनाका येथील अभिलेखागारात आहेत, आणि गावपातळीवरील खासरा पत्रके तहसील कचेरीत.

हा केवळ विद्वानांचा प्रश्न राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम दिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीसंबंधी शासन निर्णय निघाला. या नोंदींवर मराठवाड्यातील लाखो कुटुंबांची शैक्षणिक व नोकरीविषयक आशा अवलंबून आहे, तशीच इतर मागासवर्गीय समाजांची चिंताही. अशा वेळी या नोंदी कशा निर्माण झाल्या हे सांगणे इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम आहे. हैदराबाद संस्थानातील पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली, ती अखिल हिंदुस्थानच्या साम्राज्यीय जनगणनेचा भाग म्हणून. तिची कोष्टके व जातींचे मथळे यांचा आराखडा कलकत्त्याचा होता. मोजणारे निजामाचे कारकून होते, आणि गावात माहिती देणारे पाटील-पटवारी. १८७० च्या दशकात मराठवाड्यात सुरू झालेली जमीनमोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी नमुन्यावर बेतलेली होती. १९०९ साली हैदराबाद संस्थानाविषयीचा जो गॅझेटियर प्रसिद्ध झाला तोही हिंदुस्थानच्या साम्राज्यीय मालिकेतील एक खंड होता. ज्या कागदाला आज सर्रास 'निजामाचा कागद' म्हटले जाते त्याचा साचा ब्रिटिश, शाई उर्दू आणि माहिती मराठी, असा तिहेरी प्रकार आहे. एखाद्या गावात 'कुणबी' ही नोंद व्यवसाय म्हणून झाली की जात म्हणून, शेजारच्या गावात तीच माणसे 'मराठा' का नोंदली गेली, १८८१ आणि १९०१ च्या मथळ्यांत काय बदलले, याची उत्तरे साचा ओळखल्याशिवाय मिळणार नाहीत.

त्यासाठी नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मोडी व उर्दू लिपीचे वर्ग पदव्युत्तर स्तरावर नियमित चालणे ही किमान गरज आहे. मोडीचे वर्ग मधूनमधून भरतात. उर्दूचे महसुली लेखन, ज्याला शिकस्ता वळण म्हणतात, ते वाचू शकणारी पिढी मात्र झपाट्याने कमी होत आहे. तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत गाठोड्यांत बांधलेले कागद दरवर्षीच्या पावसाळ्यात दमट होत आहेत.